स्वागताची मुलगी

माघातली सकाळ होती. डोंगराच्या कडेकडेनं उतरत उतरत ऊन माळावर आलं. केशरधूसर, कोवळं, थोडंसं आळशी ऊन. सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल, मांसल, निर्लज्ज फुलं उमलली होती. त्या रक्तवर्णी रांगेच्या टोकाला कौलारू, बसकं, एकमजली कला महाविद्यालय उभं होतं. त्याला नुकताच चुना फासला होता, म्हाताऱ्या नवरदेवाला हळद लावावी तसा.

आज तपासणी समिती येणार होती. समिती गुण देणार, गुणांवर श्रेणी ठरणार, श्रेणीवर विभाग तगणार. संस्थेचं फार्मसी कॉलेज खोऱ्यानं पैसा ओढत होतं आणि त्याच्या फीवर कलाशाखेची चूल कशीबशी धुमसत होती. संस्थाचालकांनी सांगून टाकलं होतं, श्रेणी घसरली तर पहिली कात्री तत्त्वज्ञानावर.

तत्त्वज्ञान म्हणजे तरी काय, दोन माणसं. शिकवायला प्रभावती रेडेकर, शिकायला कस्तुरी गुरव.

एकच विद्यार्थिनी, पण कशी! प्रश्नोत्सुक, प्रखरनेत्री, अर्ध्या वाक्यात अडवणारी. पहाटे देवळाची झाडलोट करून, दवानं भिजलेली पाऊलवाट तुडवत यायची आणि बसल्या बसल्या विचारायची, "कशावरून?" त्या एका प्रश्नासाठी प्रभावतीबाई पुस्तकांचे ढीग उपसत. त्या रिकाम्या बाकांच्या वर्गात दुपार कधी कलली ते दोघींनाही कळत नसे. गावानं विचारावं, यातनं नोकरी कुठली लागणार? आणि दोघींनी खुदकन हसावं. असलं धन कुठल्या समितीच्या तराजूत मावणार होतं? पण विभाग बंद पडला असता तर कस्तुरीचं शिक्षण अर्ध्यावर तुटलं असतं. पुढचं कॉलेज घाटापलीकडे, आणि तिचे वडील तिला तिकडे धाडणार नव्हते.

म्हणून फार्मसीची मुलं आणून बाक भरायचे ठरले. अशा दिवशी अशी उसनवारी चालते; कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

"आणि मॅडम, तुमची ती कस्तुरी," प्राचार्य चौगुले म्हणाले, "आवाज गोड आहे, नऊवारी शोभेल तिला. स्वागताला घेऊ. बाक काय, भरलेतच आता."

प्रभावतीबाईंनी मान डोलावली. एवढंच केलं त्यांनी. नुसती मान डोलावली.

वर्ग भरला. शुभ्र सदऱ्यांचा, तेल लावलेल्या केसांचा, आज्ञाधारक शांततेचा वर्ग. बाई अनुमान शिकवत होत्या. डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. तरी अग्नी आहे असं आपण म्हणतो. शब्द नेहमीचे होते, पण आज ते भिंतीवर आपटून तसेच परत येत होते.

समिती आत आली. मागोमाग औक्षणाचं तबक घेऊन कस्तुरी आली आणि चौकटीशी थांबली. अंगावर जांभळी नऊवारी, नाकात उसनी नथ, तबकात मंद, कंपित, सोनसळी ज्योत.

समितीतले एक वृद्ध प्राध्यापक पुढच्या बाकावरच्या मुलाकडे वळले. "डोंगरावर धूर दिसला, तर तू काय म्हणशील?"

मुलगा ताडकन उठला. "वणवा लागलाय म्हणीन, सर. फॉरेस्टवाल्यांना फोन लावीन."

हशा पिकला. वृद्धही हसले. "बरोबर! पण आग तर तुला दिसली नाही. मग कशावरून?"

शुभ्र सदरे खाली बघू लागले. आणि चौकटीत कस्तुरीचे ओठ हलले. तबकातली ज्योत थरथरली. वृद्धांच्या नजरेनं ते टिपलं.

"तुला येतंय वाटतं, बाळ. तू याच वर्गातली का?"

कस्तुरीनं बाईंकडे पाहिलं. ती 'हो' म्हणाली असती, तर हे बाकांवरचे कोण, असा प्रश्न आलाच असता. बाईंनी बोलायचं होतं. ही माझी विद्यार्थिनी, माझी एकुलती एक विद्यार्थिनी. पण बाईंनी नजर फरशीवर टाकली.

"नाही सर," कस्तुरी म्हणाली. "मी स्वागताला हाय."

लाज वाटली बाईंना. कानशिलं पेटवणारी, तळपायाखालची माती ओढून नेणारी, नागडी, निखळ लाज. त्यांचं खोटं त्या पोरीनं निमूटपणे आपल्या तोंडी घेतलं होतं, आणि वर ती नथ सावरून हसली होती.

जाताना समितीनं तत्त्वज्ञान विभागाची तोंड भरून स्तुती केली. भरलेला वर्ग पाहून समाधान वाटलं, असं त्यांचे अध्यक्ष म्हणाले. विभाग वाचला. चौगुल्यांनी पेढे वाटले. बाईंचा पेढा हातातच मऊ होत गेला; तो तोंडात घालायचं धाडस त्यांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामे होते. कस्तुरी आली, साध्या कुडत्यात, पदराविना, नथीविना, आपली आपण. पुढच्या बाकावर बसली, पेनाचं टोपण काढलं. बाईंनी मनाशी जुळवलेली क्षमायाचना ओठांवर आली. पण आधी तीच बोलली. स्वरात राग नव्हता, टोमणा नव्हता, होती ती नेहमीची निर्मळ घाई.

"मॅडम, कालचा तास माझा बुडाला की. आज परत घ्याल न्हवं?"

बाई फळ्याकडे वळल्या. कालचं वळणदार, सुवाच्य, समितीसाठी काढलेलं अक्षर तिथं तसंच होतं. त्या पुसू लागल्या. अक्षर गेलं, रेघ गेली, खडूची धूसर सावली गेली. फळा काळा झाला, लख्ख झाला, कोरा झाला. तरी त्या पुसत राहिल्या, तिच्याकडे पाठ करून, पुसतच राहिल्या.