एका हाताचा कॅमेरा

"डोळे मिटा आणि नुसता धरून बघा," दुकानदार म्हणाला. "कॅमेरा आधी हाताला पटायला हवा."

तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या दोनपैकी मोठा उचलला, थोडा तोलला, काउंटरवर ठेवला. मग धाकटा उचलला, तोही ठेवला. एक जड होता आणि एक हलका होता, यापलीकडे हाताला काही कळलं नाही.

या दुकानदाराला सगळे फोटोग्राफर पाठीमागे 'तपशील' म्हणायचे. हे नाव तिच्याच नवऱ्याने ठेवलेलं. साधी बॅटरी मागितली तरी हा माणूस ती कुठल्या तापमानाला किती टिकते ते सांगितल्याशिवाय हातात द्यायचा नाही. आजही त्याने सगळं सांगितलं. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, दोन्ही व्यावसायिक कामाचे, आवाज न करता फोटो काढणारे. फरक मुख्यतः सेन्सरचा. मोठ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा, धाकट्याचा त्याच्या निम्म्याहून लहान. सेन्सर मोठा म्हणजे प्रकाश जास्त गोळा होणार, अंधारातही चित्र स्वच्छ येणार. धाकटा उजेडात कुठे कमी पडणार नाही, पण अंधारात दाणे दिसणार. मात्र वजन निम्मं, आणि हात हलला तरी फोटो हलणार नाही.

ती मान हलवत होती. यातलं बरंचसं तिला ठाऊक होतं. स्टुडिओत लाइट लावणं, फोटो निवडणं, रंग जुळवणं, प्रिंट काढणं हे सगळं तीच करायची. कॅमेरा तेवढा नवऱ्याच्या हातात असे, आणि गर्दीच्या कामाला दुसरा जुना तिच्या. नवरा गेला, आणि तीन महिन्यांत त्याच्या कॅमेऱ्यानेही तोच रस्ता धरला. एका सत्कार समारंभात शटर मधोमध अडकलं ते अडकलंच. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि याचे भाग आता मिळत नाहीत असं हलक्या आवाजात सांगितलं. डॉक्टरनेही तिला असंच हलक्या आवाजात सांगितलं होतं. दोघांनाही ती "बरं" एवढंच म्हणाली होती.

तपशीलला शेवटी तिच्या चेहऱ्यावरून काही अंदाज येईना. त्याने दोन्ही कॅमेरे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तिच्याकडे सरकवले. उद्याचा दिवस दोन्ही वापरा म्हणाला, आणि परवा जो नको तो परत आणा.

घरी दीर येऊन बसला होता. आठवड्यातून एकदा तो येई, गॅस आहे का विचारी, दिवे लावून बघी, नळ घट्ट करी. भाऊ गेल्यापासून त्या घरातला एकही नळ गळला नव्हता. त्याने मोठा कॅमेरा हातात घेतला आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं. धाकट्याकडे त्याने लांबूनच पाहिलं.

"वहिनी, लोक फोटो नंतर बघतात, कॅमेरा आधी," तो म्हणाला. "हा एवढासा घेऊन गेलात तर पाहुण्यांपैकीच कुणीतरी आहे असं वाटेल."

दादाने कायम मोठाच वापरला, स्टुडिओचं नाव त्यावर झालं, हेही त्याने सांगितलं. ती ऐकत होती, म्हणजे शब्द कानावर पडत होते. अलीकडे सगळंच शेजारच्या खोलीत चालल्यासारखं ऐकू यायचं. ती जेवायची, झोपायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. नवरा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून नातेवाइकांनी आधी कौतुक केलं, मग काळजी केली, आणि मग तो विषय सोडून दिला. तिलाही वाटायचं की रडू कुठेतरी वाटेत असेल, पोचेल. मग तिनेही वाट बघणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कचेरीत ओळखपत्रांचे फोटो होते. खोलीत ट्यूबलाइटचा फिकट उजेड, मागे पांढरी भिंत, समोर फिरती खुर्ची. माणसं एकामागून एक येऊन बसत होती. प्रत्येकाचा तिने एक फोटो मोठ्याने काढला, एक धाकट्याने. एका कारकुनाने विचारलं, पहिल्यात मी बरा आलो नाही का? दुसऱ्याने विचारलं, दुसऱ्यात टक्कल कमी दिसेल का? तिने दोघांनाही तसं काही नाही म्हणून सांगितलं.

स्टुडिओत येऊन तिने दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. मोठ्याचे चांगले होते, यात वादच नव्हता. काळ्या कोटाच्या घड्या, चष्म्यामागच्या सावल्या, सगळं सुटं आणि स्वच्छ. धाकट्याच्या फोटोत सावल्या थोड्या माखल्यासारख्या होत्या. म्हणजे मोठाच, असं तिने ठरवलं. ठरवल्यावर काही वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. काही वाटलं नाही. तिने चहा टाकला.

चहा गाळत असताना प्रसूती रुग्णालयातून फोन आला. तिथल्या बाळांचे फोटो बरीच वर्षं यांच्याच स्टुडिओकडे होते. फोनवर मोठी सिस्टर होती.

"वहिनी, दादा नाहीत हे माहीत आहे मला," सिस्टर म्हणाली. "पण आईने मागितलाय फोटो. दुसरं कुणाला बोलावू ते सुचेना."

काय झालं असेल ते सिस्टरला सांगावं लागलं नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी असा फोन यायचा. तेव्हा नवरा एकटाच जायचा, तिला बरोबर नेत नसे. परत आला की बराच वेळ लेन्स पुसत बसे, आणि ती पुसून झाली तरी पुसत राही. तिने कधी विचारलं नाही. आपण विचारलं तर त्याला सांगावं लागेल, म्हणून विचारलं नाही.

"येते," ती म्हणाली. गाळलेला चहा तसाच ओट्यावर ठेवून तिने दोन्ही पिशव्या उचलल्या.

खोली मजल्याच्या अगदी टोकाला होती, इतर बाळांचा आवाज पोचू नये म्हणून दिलेली. भर दुपारी पडदे ओढलेले. आईला दिवा नको होता. कडेच्या फटीतून येणारा उजेड तेवढा कॉटवर पडत होता. बाळाचा बाप भिंतीला टेकून उभा होता, शर्टाच्या बाहीचं बटण लावत होता आणि परत काढत होता. आई कुशीवर झोपलेली. तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली मुलगी, डोक्यावर विणलेली टोपी, कपाळापर्यंत ओढलेली. सकाळी जन्मली तेव्हाच ती गेलेली होती.

तिने मोठा कॅमेरा काढला. एवढ्या अंधाराला तोच हवा होता. सिस्टरने बाळाचं तोंड उजेडाकडे केलं. तिने दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, कोपर पोटाशी घट्ट आवळले, श्वास रोखला. एक, मग आणखी एक. चित्र मागच्या पडद्यावर उमटलं. नितळ, स्वच्छ. आपलं काम झालं, असं तिला वाटलं. हात स्थिर होते. आपले हात इतके स्थिर आहेत याचं तिला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

तेवढ्यात आईने हात लांब करून तिचं डावं मनगट धरलं.

"तिचे कान यांच्यासारखे आहेत," आई म्हणाली. "वरून दुमडलेले. मी बघितलेत."

भिंतीजवळच्या बापाने बाहीचं बटण सोडलं. त्याने नकळत स्वतःच्या कानाला हात लावला आणि लगेच खाली घेतला.

"कान येतील ना फोटोत?"

"येतील," ती म्हणाली.

पण आईने मनगट सोडलं नाही. घट्ट धरलं होतं. तिथून हात सोडवून घ्यायचा तर तिला एक एक बोट उकलावं लागलं असतं. मोठा कॅमेरा उजव्या हातात एकट्याला पेलेना. लेन्सच्या वजनाने पुढे झुकला, थरथरला. तिने तो अलगद खुर्चीवर ठेवला. सिस्टरला काही सांगावं लागलं नाही, तिने दुसऱ्या पिशवीतून धाकटा काढून तिच्या हातात दिला. ती गुडघ्यांवर बसली, चेहरा कॉटच्या उंचीला आणला आणि एका हाताने कॅमेरा डोळ्याला लावला.

आईने मोकळ्या हाताचं एक बोट टोपीच्या कडेखाली घातलं आणि टोपी वर सरकवली. कान दिसला. एवढासा, वरून दुमडलेला. बोट तिथेच राहिलं.

तिने फोटो काढला. कॅमेऱ्याचा आवाज झाला नाही. आणखी तीन-चार काढले. डावं मनगट तिच्या मालकीचं नव्हतं, आणि बाकी सगळ्या अंगाला काहीच जाणवत नव्हतं, तेवढ्या मनगटाला जाणवत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आईची बोटं आपोआप सैल झाली. तिला औषधाने झोप लागली होती.

बाहेरच्या बाकावर सिस्टर तिच्याशेजारी येऊन बसली.

"दादा आधी कॅमेरा बाजूला ठेवून नुसते बसायचे," सिस्टर म्हणाली. "आणि फोटो एकच काढायचे. मी एकदा विचारलं, एकच का? तर म्हणाले, जास्त काढले की त्यांना निवडावा लागेल. त्यांना नका लावू निवडायला."

तिने मान हलवली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला माहीत नव्हतं. ते असं बाकावर बसून, दुसऱ्या बाईकडून तिच्यापर्यंत आलं.

संध्याकाळी स्टुडिओचं दार आतून लावून ती पडद्यासमोर बसली. मोठ्या कॅमेऱ्याचे दोन्ही फोटो बिनचूक होते. टोपीच्या लोकरीचा धागान् धागा दिसत होता, मिटलेल्या पापण्यांचे केस मोजता आले असते. या फोटोंत बाळ एकटं होतं. धाकट्याचे फोटो अंधाराने भरलेले, दाणेदार, गादीचा कोपरा तर नुसता करडा. पण त्यांतल्या एकात कान होता, आणि कानाशी आईचं बोट. नखाच्या कडेला पिवळसर उजेडाचं टोक.

दाणे कमी करायची सोय संगणकावर होती. तिने ती वापरून बघितली. दाणे गेले तशी कानाची दुमडही पुसट झाली. तिने सगळं पूर्ववत केलं. तोच एक फोटो छापला आणि बाकीचे काढून टाकले. काढून टाकताना बोट अडखळलं नाही. नंतर बराच वेळ ती लेन्सची स्वच्छ असलेली काच पुसत बसली, आणि आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर कापड घडी करून ठेवलं.

सकाळी तिने मोठा कॅमेरा तपशीलच्या काउंटरवर ठेवला. त्याला आश्चर्य वाटलं. धाकटा चांगलाच आहे म्हणाला, पण तुमची कामं घरातली, हॉलमधली. नीट विचार करा.

"अंधारात दाणे येतील, वहिनी."

"आलेत," ती म्हणाली. "चालतील."

यावर त्याच्याकडे तपशील नव्हता. त्याने मोठा पुसून परत खोक्यात ठेवला आणि धाकट्याचा पट्टा तिच्या मापाने लहान करून दिला.

दीर दुपारी डोकावला. टेबलावर धाकटा बघून तो उभाच राहिला. दादा असता तर त्याने मोठाच घेतला असता, असं म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "त्यांनी मोठाच घेतला असता."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे त्यालाही भांडता येईना. तो खुर्चीत बसला, थोड्या वेळाने धाकटा उचलून एका हातात धरून पाहिला आणि ठेवून दिला. हलका आहे, एवढंच बोलला. मग जाताना स्टुडिओच्या दाराची कडी हलवून बघून गेला.

तो गेल्यावर बाळाचा बाप आला. स्कूटर दारासमोर उन्हातच लावली, हेल्मेट काढलं, पायपुसण्यावर बूट पुसत राहिला. तिने पाकीट पुढे केलं. बघून घ्या म्हणाली नाही. त्याने मात्र तिथेच उघडलं. फोटो फक्त कडांना धरून बाहेर काढला, अर्धाच. बघितला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि तिला ते ओळखीचं वाटलं.

"आले," तो म्हणाला. "कान आले."

"हो."

त्याने आणखी आहेत का असं विचारलं. तिने नाही म्हटलं. एकच आहे. त्याने मान हलवली. त्याचे खांदे जरा खाली आले. फोटो आत सरकवून त्याने पाकीट बंद केलं. मग पाकीट कुठे ठेवावं ते त्याला कळेना. स्कूटरच्या डिकीकडे पाहिलं, हँडलला लटकवलेल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं. शेवटी शर्टाची वरची दोन बटणं काढून त्याने ते आत छातीशी ठेवलं, बटणं लावली आणि खालून तळहाताचा आधार दिला.

स्कूटरपर्यंत गेला. एका हाताने ती चालवता येणार नव्हती. थोडा वेळ तो गाडीजवळच उभा राहिला.

"गाडी नंतर नेतो," तो मागे वळून म्हणाला. "चालेल ना?"

तिने हात वर केला. तो रस्त्याच्या कडेने चालत निघाला, हात तसाच ठेवून, सावकाश. गर्दीतून कुणी जवळून गेलं की थांबत होता, पुढे जाऊ देत होता.

तो वळणाआड गेला तशी ती बाहेर आली. त्याने हँडलला कुलूप घातलं नव्हतं. सीट तापून चटका देत होती. तिने स्कूटर स्टँडवरून काढली, ढकलत ढकलत भिंतीच्या सावलीत नेली आणि पुन्हा नीट उभी केली. हँडलची भाजीची पिशवी काढून घेतली, आत नेऊन थंड फरशीवर ठेवली. मेथीवर पाण्याचा हबका मारला आणि तो परत येईपर्यंत स्टुडिओ उघडा ठेवून बसली.