भेटायला आलेली

“आठ,” मॅनेजर म्हणाला आणि पेनाच्या टोकाने त्याने समोरची माणसं पुन्हा हवेतच मोजली. “बुकिंग आठ जणांचं आहे. तुम्ही नऊ आहात.”

“दोन तर लहान मुलं आहेत हो त्यात,” भाऊ म्हणाला.

“मुलं धरूनच सांगतोय, साहेब. एका खोलीत चार. पाच वर्षांखालचं एखादं असतं तर सोडून दिलं असतं.”

काउंटरसमोर बॅगांचा ढीग पडला होता. सगळ्यांनी आपापलं सामान जमिनीवर टाकलं होतं, फक्त आत्याची पिशवी अजून तिच्या हातात होती. ती खांबाला टेकून उभी होती. प्रवासात तिचे पाय सुजले होते आणि कधी एकदा पाय लांब करते असं तिला झालं होतं.

“एक गादी टाका खाली,” भाऊ म्हणाला. “आम्ही काय एकमेकांना परके आहोत?”

“गादी टाकता येत नाही. आगीचे नियम आहेत. तपासणीला आले तर हॉटेलला कुलूप लागतं आणि त्याआधी माझी नोकरी जाते.”

“अहो, भरल्या गाड्याला सूप जड होत नाही म्हणतात.”

“खरंय. पण गाडा माझा नाही ना, साहेब.”

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, बोलताना त्याचाच चेहरा ओशाळला होता. थोरला भाचा हसला. आत्याही हसली. ते सूप म्हणजे आपण, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

तिसरी खोली शिल्लक नव्हती. कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती, त्यांनी वरचे मजले अडवले होते. सुट्ट्यांचे दिवस, आजूबाजूलाही तीच गत. भाऊ निवृत्त झाला म्हणून दोन्ही मुलांनी मिळून ही समुद्राची सहल काढली होती. सगळं कुटुंब एकत्र असं कुठे गेलंच नव्हतं कधी.

“पण बुकिंग करताना तू नऊ का नाही टाकलेस?” थोरल्याने धाकट्याला विचारलं.

“नऊ टाकले की तिसरी खोली घ्या म्हणतं ते ॲप. म्हटलं, इथे आल्यावर जमवू काहीतरी. आत्याचं काय, ती कुठेही ॲडजस्ट होते.”

तो हे कौतुकानेच म्हणाला. लहानपणापासून त्याने तेच पाहिलं होतं.

आत्या इस्पितळात नर्स होती. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता आणि ती नुकतीच नोकरीला लागली होती. त्याला डबा करून देता यावा, दुपारी घरी कोणीतरी असावं म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली. एकदा एक स्थळ आलं होतं. माणूस बरा होता, पण बायको रात्री घरात हवी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भाऊचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी भाऊला नोकरी लागली आणि त्याचंच लग्न निघालं. मग भावजय आली, मुलं झाली. दोन खोल्यांच्या घरात रात्रपाळी सगळ्यांच्याच सोयीची होऊन बसली. सकाळी ती घरी यायची तेव्हा बाकीचे उठलेले असायचे. ज्याची कॉट मोकळी असेल त्याच्या कॉटवर ती आडवी व्हायची. अंथरूण तिला नेहमी उबदार मिळालं, पण ती ऊब दुसऱ्याची असायची. रात्री दिवे मालवताना त्या घरातली माणसं कोणी मोजली असती, तर त्यात आत्या कधीच निघाली नसती.

ती निवृत्त झाली त्या दिवशी घरात मोठा पेच पडला होता. रात्री हिने झोपायचं कुठे? तोवर घर मोठं झालं होतं, मुलांची लग्नं झाली होती, प्रत्येक खोली कोणाची तरी होती. शेवटी बाहेरचा सोफा ठरला. टीव्ही बंद होईपर्यंत ती स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसायची.

“असं करू,” थोरला हलक्या आवाजात म्हणाला. “भेटायला आलेलं माणूस वर येऊ शकतं का हो?”

“संध्याकाळी सातपर्यंत,” मॅनेजर म्हणाला. पुढचं त्याला कळलं असावं. त्याने नजर वळवली.

“आत्या, तू भेटायला आलेली. चल वर. एकदा आत गेलीस की कोण बघतंय?”

अशी आत्या वर गेली.

दोन खोल्या समोरासमोर होत्या. प्रत्येकीत चार टॉवेल, चार ग्लास, चार उशा. सगळे आधी एकाच खोलीत जमले. थोरल्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिने पलंगावर उड्या मारायला सुरुवात केली. भाऊने खिडकीचा पडदा सारला. दूर समुद्राची एक पट्टी दिसत होती.

“ताई, बघ, समुद्र!”

“छान आहे रे,” आत्या म्हणाली. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. पिशवी मांडीवर होती.

“आत्या, नीट बसा ना,” थोरली सून म्हणाली. “रात्री मुलांना मध्ये घेऊ आणि तुम्ही या कडेला झोपा. होईल मावून.”

“होईल गं. मला काय, एक कूस पुरते.”

थोडा वेळ खरंच बरं वाटलं. मुलं हसत होती. धाकट्या सुनेने थर्मासमधला चहा ओतला. आत्याने आपण होऊन नको म्हटलं, कारण कप चारच होते. भाऊने आपला अर्धा कप तिच्यापुढे केला आणि ती नको नको म्हणत तो प्यायली. पायांतली कळ उतरत आली होती. चपला काढून पाय पलंगावर ठेवावेत असं तिच्या मनात आलं आणि ती चपलांचा बंद सोडायला वाकली, तोच दार वाजलं.

चिमणीची उडी अर्ध्यातच थांबली.

“सात वाजले,” धाकटा कुजबुजला.

“ताई,” भाऊ म्हणाला, “जरा आत हो. बाथरूममध्ये. पटकन.”

आत्या उठली. एका चपलेचा बंद सुटलेला, दुसरीचा तसाच. पिशवीसकट ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दिव्याचं बटण बाहेर होतं. अंधारात चाचपडत ती कमोडच्या झाकणावर बसली. वॉर्डात अशी लपलेली माणसं तिने जन्मभर पाहिली होती. आजाऱ्याजवळ एकालाच राहता यायचं, मग कोणाची मावशी पडद्यामागे, कोणाचा सासरा कॉटखाली. ती त्यांना हाताला धरून बाहेर काढायची. त्यांचे हात किती गार असायचे, ते तिला आता आठवलं.

बाहेर कोणीतरी बोलत होतं. “त्या भेटायला आलेल्या बाई गेल्या का, हे बघायला पाठवलंय साहेबांनी.”

“गेल्या की. मघाशीच,” थोरला म्हणाला.

“खाली तर दिसल्या नाहीत.”

“जिन्याने गेल्या असतील.”

“मग आता आठच ना तुम्ही?”

मग भावजयीचा आवाज आला. “आठच. आमच्या घरात आठच माणसं आहेत.”

भावजय खोटं बोलायला लागली की तिचा आवाज चिरका व्हायचा. लग्न होऊन आली तेव्हापासूनची खोड होती ती. दूध मांजराने सांडलं म्हणताना, माहेरहून फोन आला नव्हता म्हणताना, दरवेळी. मुलंसुद्धा त्यावरून तिची थट्टा करायची. आत्या अंधारात कान देऊन बसली होती. आवाज चिरका झाला नव्हता. सरळ, साधा, रोजचा आवाज होता. भावजय खरं बोलत होती.

दार बंद झालं. पावलं लांब गेली. बाहेर एकदम हशा पिकला.

“जिन्याने गेल्या असतील!” धाकट्याने थोरल्याची नक्कल केली. “काय ॲक्टिंग, वा!”

“मी तर श्वास रोखून धरला होता बाई,” धाकटी सून म्हणाली.

चिमणी टाळ्या वाजवत होती. भाऊ खोकत खोकत हसत होता. हे हसू कितीतरी वेळ चाललं असं आत्याला वाटलं. बाथरूमची कडी आतून होती. ती कधीही बाहेर येऊ शकत होती. पण कोणीतरी हाक मारेल म्हणून ती बसून राहिली.

“अगो बाई, ताई आतच आहेत अजून!” शेवटी भावजय म्हणाली.

आत्या बाहेर आली ती सुटलेल्या चपलेचा बंद पुन्हा लावूनच.

“ऐक रे,” ती भाऊला म्हणाली. “माझी एक मैत्रीण असते इथे. आमच्याच इस्पितळात होती, नंतर इकडे बदली झाली. तिच्याकडे जाते मी झोपायला. कधीची बोलावते आहे.”

खोलीतल्या हवेत फरक पडला. थोरल्याचे खांदे खाली आले आणि धाकट्या सुनेने छातीशी धरलेली उशी पलंगावर टाकली.

“मग आधी नाही का सांगायचं!” भावजय म्हणाली.

“असं कसं, ताई,” भाऊ म्हणाला. “राहा की. काढू एक रात्र कशीतरी.” तो हे बसूनच म्हणाला.

“उगाच मुलांच्या जिवाला घोर. आणि तिलाही बरं वाटेल.”

“मैत्रिणीचं नाव काय, आत्याआजी?” चिमणीने विचारलं.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. डोक्यात एकही नाव येईना.

“तुला काय करायचंय नाव? मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” थोरली सून म्हणाली. “आत्या, रिक्षा बोलावू का?”

“नको गं. मिळेल खाली.”

भाऊ लिफ्टपर्यंत आला. पिशवी त्याने हातात घेतली होती, ती लिफ्टच्या दारात परत दिली.

“सकाळी लवकर ये हं. समुद्रावर जायचंय.”

“येते.”

“सांभाळून जा.”

रिक्षावाल्याला तिने सरकारी इस्पितळ सांगितलं. दुसरं काही तिला सुचलंच नाही. तिथे रात्रभर बाकावर बसलेल्या बाईला कोणी हटकत नाही, हे तिला ठाऊक होतं. फिनेलचा वास, घासून पांढुरक्या झालेल्या भिंती, ट्रॉलीच्या चाकाची कुरकुर. लांब बाकावर एका टोकाला जागा होती. ती बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिने पिशवी खाली ठेवली.

शेजारी एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुमचं कोण आहे आत?”

आत्याने पदर सारखा केला. “भाऊ,” ती म्हणाली.

“जास्त आहे का हो?”

“नाही. बरा आहे तो.”

“नशीबवान आहात. माझ्या मालकांचं काही खरं नाही. तुमचे घरचे येतील ना जेवण घेऊन?”

“येतील.”

तेवढ्यात फोन वाजला. भाऊचा होता. पोचलीस का, कुठे आहेस असं विचारलं तर काय सांगायचं ते तिने रिक्षातच ठरवून ठेवलं होतं. पण तो विचारेल, आणि आपल्या आवाजावरून त्याला कळेल, आणि तो म्हणेल, आहेस तिथेच थांब, मी येतो. हे तिने ठरवलेलं नव्हतं, ते आपसूक मनात आलं.

“ताई, माझ्या गोळ्या तुझ्याच पिशवीत राहिल्या का गं? रात्रीच्या?”

“हो. माझ्याकडेच आहेत.”

“बघ, मी बॅग उलटीपालटी केली सगळी. पत्ता सांग, धाकट्याला पाठवतो.”

शेजारची बाई डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती.

“नको,” आत्या म्हणाली. “मीच आणून देते. जवळच आहे.”

“बरं. आम्ही खाली जेवायला बसतोय. ये मग.”

काउंटरवर आता मॅनेजर नव्हता, एक तरुण मुलगी होती. जेवणाचा हॉल काचेपलीकडे होता. दोन टेबलं जोडून सगळे बसले होते. थोरला काहीतरी सांगत होता आणि भाऊ चष्मा न लावता मेनूकार्ड हातभर लांब धरून वाचत होता. काचेचं दार ढकललं की झालं. कोणीतरी खुर्ची ओढली असती, सुना उठल्या असत्या. भावजय म्हणाली असती, “ताई, जेवून जा ना.” मनापासून म्हणाली असती. त्यातलं ते ‘जा’ आत्याला ऐकायचं नव्हतं.

तिने मुलीपुढे गोळ्यांची पुडी ठेवली.

“ती मोठी फॅमिली बसली आहे ना, त्यातल्या वयस्कर गृहस्थांना द्या. पांढरी एक आणि गुलाबी अर्धी, जेवण झाल्यावर. अर्धी मी करून ठेवली आहे. त्यांना तोडता येत नाही, भुगा होतो.”

“बरं. कोणी दिल्या म्हणून सांगू?”

आत्याने काचेकडे पाहिलं.

“सिस्टर देऊन गेल्या म्हणा.”

“सिस्टर म्हणजे नर्स ना?”

“हो,” आत्या म्हणाली. “नर्स.”

ती बाहेर आली, पण लगेच निघाली नाही. हॉलची एक खिडकी रस्त्याकडे होती. तिथल्या झाडाच्या कुंडीआड ती उभी राहिली. गोळी गिळेपर्यंत पेशंटसमोरून हलायचं नाही, ही नोकरीची सवय. आत जेवणं बराच वेळ चालली. आइस्क्रीम आलं, वाट्या परत गेल्या. मग ती मुलगी पुडी घेऊन टेबलाशी गेली आणि काहीतरी बोलली. भाऊने पुडी घेतली, मान हलवली, एक गोळी तोंडात टाकली, मग अर्धी. मान मागे करून पाणी प्यायला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली तिला काचेतूनही दिसली.

पाण्याचा ग्लास खाली ठेवून तो थोरल्याशी पुन्हा बोलायला लागला.

आत्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागली.