वाळूच्या खड्ड्यातलं कीर्तन

श्यामरावांना कीर्तनाला निमित्त लागत नसे. बँकेतून निवृत्त होऊन ते मुलीकडे बंगालात, बेहालाला राहायला आले, पण चार मराठी घरं कुठे जमली की खांद्यावर उपरणं टाकून, हातात चिपळ्या घेऊन उभे राहायचेच. समोर माणसं थोडी असली तरी त्यांचं काही अडत नसे. म्हणायचे, "खरा ऐकणारा वेगळाच असतो. आपण समोरच्यांकडे बघून नुसतं हसायचं."

त्यांची मुलगी वृंदा उकरून टाकलेल्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आणण्याचं काम करी. बेहालाच्या पुढे, गल्ल्या संपून भातखाचरं सुरू होतात तिथला वाळूचा एक खड्डा तिच्याकडे आला होता. जमीन पूर्णिमाची. तिचा नवरा निताई त्याच खड्ड्यात वाळू उपसायचा, आणि संध्याकाळी गावच्या कीर्तनमंडळीत मृदंग वाजवायचा. फावडं हातात असतानाही त्याचं गाणं चालूच. एका दुपारी तो गात असतानाच वरची कड ढासळली. वाळू उपसली, पाणी उपसलं. निताई काही मिळाला नाही.

वृंदाने खड्डा भरला तो अगदी रीतसर भरला. तळाला चिकणमाती दाबून बसवली, वर भराव, आणि सगळ्यात वर बाजूला राखून ठेवलेली शेताची मूळ माती. बांध घातले, कालव्यावरून पाट आणला. हिवाळ्यात लावायच्या बोरो भाताला पाणी साचून राहावं लागतं, म्हणून एका सकाळी शेत भरून घेतलं. दुसऱ्या सकाळी बघतात तो पाणी नाही. चिखलही नाही, माती बोटाने उडावी इतकी कोरडी. तळाचा थर तपासला, भेग सापडेना. पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा तेच.

"या हंगामात पाणी थांबलं नाही तर काम बंद," तिचे वरिष्ठ हेमंत म्हणाले. "मग तिथे शहराचा कचरा पडेल. जागा मागणारे टपलेलेच आहेत."

वृंदाने हे पूर्णिमाला जाऊन सांगितलं.

"कचरा?" पूर्णिमा शांतपणे म्हणाली. "त्याच्या अंगावर?"

मग तिनेच विचारलं, "तुझे बाबा गातात ना? पाणी सोडताना कुणीतरी गायला हवं होतं. आमची मंडळी तर त्याच्यामागे मोडलीच."

श्यामराव एका पायावर तयार. धुक्यातून बांधावर येऊन उभे राहिले, तेव्हा पूर्णिमा हसली, काकांना हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, "मेशोमशाई, तुमची भाषा त्याला कळेल?"

"मला तरी त्याची कुठे कळते? ताल कळतो ना, पुरे."

पाट सुटला. श्यामरावांनी नमन केलं, पूर्वरंग मांडला. आवाज लागला तसा वारा पडला; पलीकडच्या नारळांची झावळी हलेना. धृपद दुसऱ्यांदा आलं आणि त्यांच्या तळपायांना काहीतरी जाणवलं. शेताखालून मृदंग वाजत होता. दबका, ओल्या वाळूतून यावा तसा, पण समेवर चोख.

पूर्णिमाने बसल्या जागी जमिनीवर तळहात टेकला आणि तो तिथेच ठेवला.

पूर्वरंग संपला आणि सवयीने श्यामराव थांबले. मध्यंतराला ऐकणाऱ्यांनी नामाचा गजर उचलायचा, बुवाला हार घालायचा, बुक्का लावायचा, तेवढ्यात बुवाने दम खायचा, ही आपल्याकडची रीत. पण वृंदा पाटाच्या तोंडाशी, आणि पूर्णिमाला ही रीत ठाऊक नाही. गजर कुणी उचललाच नाही. खाली मृदंग मात्र चालू राहिला. ओळीची जागा मोकळी सोडून, वळून पुन्हा त्याच जागी येऊन, वाट बघत.

श्यामरावांच्या हातातल्या चिपळ्या हलेनात. "मला बरं वाटत नाही गं," असं पुटपुटत ते गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या सकाळी शेत पुन्हा कोरडं होतं.

"बाबा, तुम्हीही ऐकलंत ना?" वृंदाने चहाचा कप पुढे ठेवला.

"ऐकलं. जन्मभर म्हणत आलो की खरा ऐकणारा वेगळाच असतो. आला, तर पळालो." कप त्यांनी तसाच ठेवला. "कीर्तन अर्ध्यावर टाकून उठत नाहीत, वृंदा. ऐकणारा ताटकळतो. तो बिचारा आधीच एकदा अर्ध्या ओळीत राहिलेला. चल, गाडी काढ."

या वेळी त्यांनी नमन केलं नाही. मध्यंतरापासूनच उभे राहिले. पूर्णिमाला गजर शिकवला; वृंदानेही टाळ्या धरल्या. पाणी चढू लागलं, तसा खालून मृदंग आला. उत्तररंगात संताचं आख्यान लावायचं, पण श्यामरावांनी निताईचं लावलं. त्याचं फावडं, त्याचं गाणं, ती दुपार. कड ढासळते तिथवर आले आणि अडले. पुढची ओळ त्यांच्याकडे नव्हती. मृदंग वळून आला, पुन्हा वळून आला.

तेव्हा पूर्णिमा उठली. त्या दुपारी ती डबा घेऊन बांधावर आलेली होती, त्याचं गाणं तुटलं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हरीला हाक मारणारी ती बंगाली ओळ तिने तुटली तिथून उचलली आणि शेवटापर्यंत नेली. आवाज कापत होता, ताल नाही.

मृदंगाने तिहाई घेतली आणि तो थांबला.

आरती झाली. श्यामरावांनी दोघींच्या कपाळी बुक्का लावला. मग चिमूट हातात घेऊन ते क्षणभर घुटमळले, आणि ती चिमूट त्यांनी पाण्यावर सोडली.

दुसऱ्या सकाळी शेत बांधापर्यंत भरलेलं होतं. पाण्यावर धुकं, आणि मधोमध बुक्क्याचा काळा ठिपका, कपाळावर टेकवावा तसा गोल. वारा सुटला, सगळं पाणी शहारलं. ठिपका हलला नाही.

पुढे लावणी झाली तेव्हा पूर्णिमाने तेवढ्या जागेत रोप लावू दिलं नाही. हेमंतनी विचारलं, एवढी जागा मोकळी का सोडली?

"तो बसलाय तिथे," ती म्हणाली. "इतके दिवस उभाच होता."