दोन वीत आणि चार बोटं

युरोपहून परत आलेल्या माणसाला मतं असावी लागतात, हे मला गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात पाऊल ठेवल्यावर कळलं. बॅगा अजून दारातच होत्या आणि आठवडी बाजारातून परतणाऱ्या बायका पिशव्यांसकट ओसरीत येऊन टेकल्या. पॅरिस कसं आहे, तिकडचे लोक कसे आहेत, खायला काय मिळतं? मी जन्मभर अंगणवाडी चालवली आहे. कोणी मत विचारल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

पॅरिस देखणं आहे, मी म्हटलं, पण आपण देखणे आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. तिथल्या मोठ्या म्युझियममध्ये ती जगप्रसिद्ध मंद हसणारी बाई आहे, पण मला दिसले ते तिचे फोटो काढणाऱ्यांचे टाळू. ब्रसेल्सच्या म्युझियममध्ये उघडेनागडे देव इतके की एवढ्या थंडीच्या देशात या लोकांना कपड्यांचं वावडं का, हे काही कळलं नाही. ॲमस्टरडॅम मात्र मनात भरलं. सगळीकडे पाणी, आणि थकलेल्या बायांसारखी एकमेकींना टेकून उभी असलेली घरं. तिथले सायकलवाले तेवढे सांभाळायचे, ते घंटी वाजवत थेट अंगावर येतात.

"पर म्युझियम में रखा क्या है, भाभी?" चंद्रकुमार म्हणाला. हा आमचा शेजारी, तांदळाचा व्यापारी. गेल्या वर्षी पॅकेज टूरमध्ये सात देश करून आला, तेव्हापासून युरोप त्याच्या मालकीचा झाला आहे. "अंधाऱ्या खोल्या, पुराने फोटो, आन् पाय दुखते ते वेगळे. आमी तं बर्फच पाह्यलो. पैसा वसूल."

"बर्फ तं गोंदियात गोळेवाल्याकडे पन भेटते," देवकाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

देवकाबाई माझ्या मोठ्या नणंद. केशोरी गावातलं आपलं घर सुनेवर सोपवून त्या इथे राहिल्या, म्हणून मी जाऊ शकले. माझ्या नवऱ्याला त्यांनी न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री उठून कूस बदलून दिली. नणंद असावी तर अशी, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, कारण त्या लगेच शेफारतील. पण इथे लिहून ठेवते.

नवरा म्हणजे बिसराम कटरे, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही. दीड वर्षापूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. डावा हात धडधाकट आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या हाताला कामाला लावा, नाहीतर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही. पण मास्तरांनी तो हात शालीखाली घातला तो घातलाच. घास भरवावा लागे. खडू दिला तर तोंड फिरवत. ज्या हातानं काढता येत होतं तो गेला, आता दुसऱ्याची काय मिजास राखायची, असा त्यांचा हिशेब. मी रागावले, रडले, एकदा तर ताट आपटलं. हात काही बाहेर आला नाही.

रोशन आमचा मुलगा, ॲमस्टरडॅमजवळ नोकरीला आहे. त्याला आम्हा दोघांना न्यायचं होतं. मास्तरांना नेणं शक्य नाही हे कळल्यावर मी नाही म्हणून टाकलं. तेव्हा मास्तरांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानाकडे डोळ्यांनी खूण केली आणि महिनाभराचे शब्द एकदम खर्च केले. "जा. पाहून ये. केवढा आहे... हातानं सांग."

त्या पानावर एक बाई दूध ओतते आहे. पिवळी चोळी, निळं एप्रन, समोर टोपलीत पाव. तिकडच्या कोणा जुन्या चित्रकारानं काढलेली, ॲमस्टरडॅमच्या म्युझियममधली. मास्तरांनी जन्मभर मुलांना ते पान दाखवून प्रकाश कसा पडतो ते शिकवलं. पानावर चित्राचं माप दिलेलं नव्हतं. मास्तरांनी ते मनानंच धरलं होतं. एका वर्षी गॅदरिंगसाठी त्यांनी शाळेच्या हॉलची अख्खी भिंत घेऊन ती बाई रंगवली, मुलं स्टुलावर चढून रंग भरत होती, आणि मास्तर खालून सांगत होते, "खरा याच्याहून मोठा आहे रे."

स्वतःचं असं चित्र मात्र त्यांनी कधी काढलं नाही. "मोठ्या कामाले मोठी भिंत लागते, सुशीला. रिटायर झालो का वर हॉल बांधू." रिटायर झाले, हॉलच्या विटा आल्या, आणि त्याच महिन्यात लकवा आला.

तर आता ओसरीत एवढी मतं चालली असताना खाटेवरून आवाज आला. "केवढा?"

"खर्च विचारून राहिले मास्तर," चंद्रकुमार म्हणाला.

"खर्च काऊन विचारंल तो? विमान केवढा होता म्हून विचारून राहिला," देवकाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. कोणी त्यांचं बोलणं भलतंच घेतलं की ते असंच करतात. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती, एवढंच.

कारण त्या म्युझियममध्ये मला ते चित्र आधी सापडलंच नव्हतं. मी भिंतीएवढी बाई शोधत होते. रोशननं दंड धरून मला मागे ओढलं. "आई, हे काय. तू पुढे निघून चालली."

ते एवढंसं होतं. या माणसानं आयुष्य मोठ्या भिंतीची वाट बघण्यात घालवलं, आणि आता मी जाऊन सांगू की तुमची बाई एवढीशी आहे? रोशननं फोन काढला. "माप नेटवर आहे. बाबांना कळवू का?" मी नको म्हटलं. खोटं सांगावं, असंही क्षणभर मनात आलं.

मग मी नुसती बघत उभी राहिले. ती बाई इतकं लक्ष देऊन ओतत होती की सांडेल की काय म्हणून माझाच जीव वर-खाली होत होता. मागची भिंत कोरी, आणि त्या कोऱ्या भिंतीत वर एक खिळा. त्याच्यावर काही टांगलेलं नाही. कॅलेंडरमध्ये तो खिळा मला कधी दिसला नव्हता. एवढ्याशा जागेत त्या चित्रकाराला खिळ्यासाठीही जागा सापडली होती. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. खोटं सांगण्याचा विचार तिथेच गेला.

मी एक डोळा मिटून, हात लांब करून हवेत वीत मोजू लागले. तशी राखणीला असलेली उंच, पिकल्या केसांची बाई झपाझप आली. तिला वाटलं मी चित्राला हात लावते आहे. रोशननं तिला सांगितलं की आपले वडील शिक्षक आहेत, खाटेवर आहेत, त्यांना हातानं माप हवं आहे. ती चित्रापाशी गेली, त्याला न शिवता दोन्ही तळवे दोन कडांसमोर धरले, आणि तळव्यांमधलं अंतर तसंच ठेवून, भरलेली घागर आणावी तशी सावकाश चालत माझ्यापाशी आली. मी त्यात माझी वीत घातली. दोन वीत. मग ती परत गेली आणि उंची घेऊन आली. दोन वीत आणि चार बोटं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच म्हटलं, "बाई, तुझं भलं होवो." रोशननं भाषांतर केलं नाही, पण तिला ते पोचलं असावं, कारण तिनंही माझे हात दाबले.

हे सगळं मी त्या ओसरीत सांगितलं. सांगताना मास्तरांची मान हळूहळू भिंतीकडून माझ्याकडे वळली. शेवटी मी खाटेपाशी जाऊन दोन तळवे त्यांच्यासमोर धरले.

"एवढा," मी म्हटलं. "भिंतीएवढा नाही, मास्तर. एवढाच."

मग माझ्या हातांवरून त्यांची नजर देवकाबाईंच्या मांडीकडे गेली. त्या सुपात नवे तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"सूप?" मास्तर म्हणाले.

मी सूप मागून घेतलं आणि वीत लावली. दोन वीत रुंद, उंचीला दोन वीत आणि जवळजवळ चार बोटं. चंद्रकुमार उठून बघायला आला. "बस, इतनाही?" तो म्हणाला, पण हळू आवाजात.

मी सूप मास्तरांच्या छातीशी धरलं. मला भीती होती ती त्यांच्या चेहऱ्याची. पण शाल हलली. डावा हात बाहेर आला. बोटं आखडली होती, ती एकेक करून उघडली, आणि त्यांनी सुपावर स्वतःची वीत ठेवली. एक. मग सरकवून दुसरी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. दीड वर्षात मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"सारव," ते देवकाबाईंना म्हणाले.

"काऊन सारवू? आत्ता दिवाळीले तं शेनानं सारवला," देवकाबाई म्हणाल्या. "छेद नाही, काई नाही."

"पांढरा," मास्तर म्हणाले. "पांढरा सारव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "बाई, चुना भिजवा."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तांदळासाठी नवं सूप आणलं. जुनं दोन्ही बाजूंनी चुन्यानं सारवून उन्हात वाळवलं आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातातून पेन्सिल दोनदा खाली पडली. उचलून देताना मी काही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना त्यातच काय ते कळेल. देवकाबाई समोर पाखडत बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला वाटलं आधी नणंदबाईंचं नाक येईल.

संध्याकाळी बघितलं तर सूप जवळजवळ कोरंच होतं. वर एका कोपऱ्यात फक्त एक खिळा होता. वाकडा होता, पण खिळाच होता, आणि त्याची सावली बरोबर पडली होती.

त्या रात्री मास्तर आपल्या हातानं जेवले. अर्धा भात शालीवर सांडला. देवकाबाई पुसायला धावल्या, तशी मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "राहू द्या बाई, सांडू द्या."