गाडीतून पाहिलेली मॅच

आखातातल्या सीब गावच्या त्या मैदानावर गवताचं एक पातं नव्हतं. तरी दर शुक्रवारी तिथे तेरा-तेरा जणांचं रग्बी रंगायचं, आणि त्यात वसईचा एकच गडी असायचा, आल्बिनाचा नवरा हिलरी. १९९४ सालची गोष्ट. घरी आल्यावर ती त्याच्या गुडघ्यांत रुतलेले बारीक खडे चिमट्याने काढायची.

मॅच मात्र तिने कधी मुकाट्याने पाहिली नाही. सासरे, रसेलपप्पा, त्यांच्याकडेच राहायचे. काचबिंदूने नजर गेलेली, पण मुलाचा खेळ चुकवायचे नाहीत. गाडीची काच खाली करून बसायचे आणि मिनिटामिनिटाला विचारायचे, बॉल कोणाकडे आहे? मग आल्बिना सांगायची: हिलरीने घेतला, डावीकडे पळतोय, पाडला त्याला, उठला. खेळाचे नियम तिला ठाऊक नव्हते. पडलेला माणूस उठला की नाही, हे ती आधी सांगायची.

पुढे पप्पा वारले. २००१ साली हिलरीचा गुडघा कायमचा गेला. ऑफिसातून आला की तो भिंतीकडे बघत बसायचा. अशात इंग्रजी रेडिओवर मॅचचं वर्णन करायला त्याला बोलावणं आलं. पहिल्या शुक्रवारी त्याने हजेरी घेतल्यासारखी नुसती नावं घेतली आणि मधेमधे गप्पच राहिला. तिथल्या कृष्णकांत साहेबांनी बजावलं, अजून एक मॅच देतो, नाहीतर खलास.

आठवडाभर हिलरी नियमांचं पुस्तक घोकत होता. शेवटी आल्बिनाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"तुला सगळं दिसतं, म्हणून तू सांगत नाहीस," ती म्हणाली. "उद्या पप्पांना सांग."

"इंग्लिशमध्ये?"

"शिकतील ते. तू सांग तर."

शुक्रवारी तिने गाडी जुन्याच जागी उभी केली आणि रेडिओ लावला. आधी खरखर, मग हिलरी. बॉल कोणाकडे आहे, कुठल्या अंगाने निघालाय, कोण आडवा आलाय, सगळं येत होतं. मग एक खेळाडू जोरात आपटला आणि हिलरीचा आवाज थांबला.

"ही इज अप," रेडिओतून आलं. गुण त्याने नंतर सांगितले.

पुढची सात वर्षं तो माईक हिलरीकडेच राहिला. त्या दुपारी मात्र आल्बिनाने हात लांब करून शेजारच्या रिकाम्या सीटकडची काच खाली केली.