पाठमोरी

धाकट्याचे लग्न झाले त्या वर्षी, भाड्याने आणलेल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या आणि आई त्या पुसून एकावर एक रचत होती. रचता रचता ती नव्या सुनेकडे वळली, ओठ हलवले आणि पुन्हा कामाला लागली. सून गोंधळून उभी.

"फडकं ओलं करून आण म्हणते," थोरल्या लेकीने सांगितले.

"पण आई बोलल्याच कुठे?"

"बोलली की. आमच्याकडे असंच बोलतात."

आईचा सगळा जन्म कापडगिरणीच्या साळखात्यात गेला होता. तिथे एवढे माग एकदम खडखडत की घसा फाटेस्तोवर ओरडले तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून माणसे आवाज न काढता ओठ मोठे हलवून बोलत. भांडणे तशीच, थट्टाही तशीच. वडील त्याच खात्यात होते. दोघांचा संसार ओठांवरच झाला. घरी आल्यावरही आईला आवाज लावायचे सुचत नसे. सुनेने तर नवऱ्याला विचारून घेतले होते, "माझं काही चुकलं का? सासूबाई माझ्याशी तोंडातून शब्द काढत नाहीत."

वडिलांना शेवटी शेवटी काहीच ऐकू येत नव्हते. त्याचे कोणाला नवल वाटले नाही. साळखात्यात कान जायचेच. 'कानात माग बसला' म्हणत आणि सोडून देत. पुढे ते भिंत धरून चालू लागले तेव्हा लोक म्हणाले, चढवून आलाय. ते थेंबाला शिवले नव्हते.

थोरलीने मात्र गिरणीची पायरी कधी चढली नव्हती. ती औषधांच्या दुकानात काम करी. तिचा उजवा कान आधीच गेला होता. लग्नाच्या धांदलीत डावाही गुणगुणू लागला. आता सुनेऐवजी तीच ओले फडके घेऊन जिना उतरत होती, आणि तिचा हात भिंतीवर होता. आईने ते खालून पाहिले. हातातली खुर्ची तिने सावकाश खाली ठेवली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला. मेंदूला लागून, दोन्ही कानांच्या नसांवर, एकेक गाठ होती.

"न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात. त्यातला हा दुसरा प्रकार. कॅन्सर नाही हा, पण गाठी वाढत राहतात. पुष्कळदा आईवडिलांकडून येतो. वडिलांना काय होतं?"

आईचे ओठ हलले.

"काय म्हणाल्या?"

"माग, म्हणते," थोरली म्हणाली. "गिरणीत होते ते."

डॉक्टरबाईंनी वडिलांच्या चालण्याबद्दल विचारले. मग कागदावर वडिलांच्या रकान्यात खूण केली. धाकट्यालाही तपासून घ्या म्हणाल्या. त्याच्यात पुढे काही निघाले नाही. थोरलीची डावीकडची गाठ मात्र मेंदूच्या देठाला दाबत होती. ती काढायलाच हवी होती, आणि कान वाचेल असे कोणी सांगायला तयार नव्हते.

दवाखान्यात नेण्याची पिशवी भरताना थोरली म्हणाली, "आई, एकदा आवाजानं बोल ना. लहानपणी ऐकला असेल तुझा आवाज. आठवत नाही गं."

काय बोलू, आईने ओठांनी विचारले.

"काहीही. शिव्या दे."

"द्याच आई, चांगल्या दोन सणसणीत," भावजय टॉवेलची घडी घालत म्हणाली. "मला पण ऐकायच्यात."

आईने तोंड उघडले. ती खोकली. मग हसली, तेही बिनआवाजी, आणि पिशवीची चेन ओढू लागली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स सांगून गेली की कानामागचे केस काढतील, बाकीचे नीट बांधून ठेवा. आई कंगवा घेऊन थोरलीच्या मागे बसली. कंगवा गुंत्यात अडकला. थोरलीने मान वळवली.

"डोकं हलवू नकोस."

आवाज बारीक होता, खरखरीत, बरीच वर्षे न उघडलेल्या कडीसारखा. थोरली जागच्या जागी थिजली. मागे वळून पाहावेसे वाटले, पण पाहिले असते तर आई पुन्हा ओठांवर गेली असती.

"आणखी बोल."

"नीट बस म्हटलं ना."

मग नुसता कंगवाच फिरत राहिला.

गाठ निघाली. कानही गेला. थोरलीचे फारसे अडले नाही. ओठ वाचायला ती पाळण्यातच शिकली होती. केस वाढले तशी आई पुन्हा रोज सकाळी तिला स्टुलावर बसवून वेणी घालू लागली. तेव्हा थोरलीच्या मानेवर ऊब लागे. थांबून थांबून लागे, मध्येच लांबे. ती वळून पाही, तर आईच्या मिटल्या ओठांत पिन धरलेली असे, आणि स्वयंपाकघराच्या दारात भावजय अर्धा चिरलेला कांदा हातात घेऊन उभी असे.

धाकट्याची मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, शाळा उघडली त्याच आठवड्यात आई वारली. ते स्टूल बरेच दिवस कोपऱ्यात राहिले. एका सकाळी भावजय थोरलीच्या समोर येऊन उभी राहिली. एव्हाना तीही घरची बोली शिकली होती. ओठ मोठे करून, सावकाश, ती म्हणाली, "ताई, आई मागून काय बोलायच्या ते मी सगळं ऐकलंय. सांगू?"

थोरली तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग उठली. फळीवरचा आईचा कंगवा काढून तिने भावजयीच्या हातात दिला, स्टूल ओढले आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"सांग," ती म्हणाली.