मला वाचणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे हं! एका रुग्णालयाच्या संगणकांत जे साठते, त्याची नक्कल मी पोटात ठेवते. मला वाचायला वेगळे यंत्र लागते. त्याच्याशिवाय मी मुकी.

दर शनिवारी संगणक विभागातल्या ताई माझ्यावर नक्कल उतरवत, लगेच एखादी फाइल परत उघडून बघत आणि मला कपाटात कुलूपबंद करत. उघडून बघण्याची खोड फक्त त्यांचीच. बाकीच्यांना पडद्यावर ‘पूर्ण झाले’ एवढे दिसले की चहाला जायची घाई. त्यांनी ताईंचे नावच ‘टेपताई’ पाडले.

पुढे एक ऐटबाज डिस्क आली. कायम संगणकांना जोडलेली, आपोआप नक्कल करणारी. माझ्या यंत्राचे नाव भंगाराच्या यादीत चढले. त्यावर ताईंची सही हवी होती.

“ताई, संग्रहालय काढायचंय का?” विभागाचे साहेब म्हणाले.

“ती डिस्क जोडलेलीच असते, साहेब. संगणकाला जे होईल ते तिलाही होईल.”

“सही करा हो!”

“नाही करत.”

तीनदा यादी आली, तीनदा सहीविना परत गेली; ताईंची शनिवारची नक्कल माझ्यावर चालूच राहिली.

एका बुधवारी सकाळी साहेबांनीच कुरिअरच्या पावतीचा खोटा मेल उघडला. बघता बघता सगळ्या फाइलींना कुलपे लागली. पडद्यावर खंडणीची धमकी! ऐटबाज डिस्कही गेली.

डायलिसिसच्या सिस्टर धावत आल्या. “ताई, सतरा पेशंट बसलेत. कुणाला कुठलं औषध चालत नाही, काहीच दिसत नाहीये!”

ताईंनी कशालाही न जोडलेला, कोरा संगणक घेतला आणि मला यंत्रात घातले. माझी फीत दोनदा अडकली. ताईंनी यंत्र पुसले. “चल गं बाई, आता रुसू नकोस.” मित्रांनो, तुटले तरी बेहत्तर, पण थांबायचे नाही, असे मी ठरवले.

पहिले नाव पडद्यावर आले. मग दुसरे. सतराही आली. शनिवारनंतरच्या नोंदी तेवढ्या सिस्टरांनी कागदांवरून भरल्या.

साहेब दारात उभे होते. “ताई, ते उघडून कसं बघतात, मला शिकवाल?”

“बसा,” ताई म्हणाल्या.

मी काही अमर नाही, मित्रांनो. माझ्या जागी खुशाल नवे कुणी आणा. पण त्याला काम झाले की संगणकापासून सोडवून ठेवा, त्याला वाचणारे यंत्र जपा. आणि नक्कल आहे, असे नुसते सांगू नका. उघडून दाखवा.